काळ, काम, वेग आणि मी

१. सूत्र तोंडपाठ असणं वेगळं आणि गाडी डोळ्यांसमोरून जाणं वेगळं. अंतर म्हणजे वेग गुणिले वेळ, हे माझ्या शिकवणीला येणारं पोरगं झोपेतही सांगेल. पण ताशी ७२ किलोमीटरने धावणारी गाडी ९ सेकंदांत खांब ओलांडते म्हटलं, की पेन हवेतच थांबतं. खांबाला कुठे लांबी असते? मग गाडीने कापलं तरी काय? अशा वेळी मी टेबलावर खोडरबर ठेवतो आणि त्याच्या बाजूने फूटपट्टी सरकवत नेतो. पट्टीचं शेवटचं टोक रबराच्या पुढे गेलं की कुणीतरी ओरडतंच, "अय्या, स्वतःचीच लांबी!" १८० मीटर. खांबाऐवजी फलाट आला, की त्याची लांबी मिळवायची.

२. ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर करताना ५/१८ ने गुणायचं की १८/५ ने, यात निम्मी परीक्षा संपते. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर, एवढं एकच मी लक्षात ठेवतो. ७२ चे २० मग आपसूक होतात.

३. सरासरी वेगाने मात्र मला कायमचं नम्र केलं. पुणे-सातारा सोयीसाठी १२० किलोमीटर धरा. जाताना ताशी ६०, येताना ४०. सरासरी ५० नाही, ४८! जायला दोन तास, यायला तीन. हळू चालण्यातच जास्त वेळ गेला, म्हणून त्याचंच वजन जास्त. इथवर पोरं मान डोलावतात. मग मी विचारतो, जातानाचा निम्मा रस्ता ताशी ३० ने काढला, तर उरलेला किती वेगाने जावं म्हणजे सरासरी ६० पडेल? ९०, म्हणतात सगळे. पण ६० च्या सरासरीने अख्ख्या रस्त्याला मिळणार होते दोनच तास, आणि ते पहिल्या ६० किलोमीटरमध्येच संपले. आता विमानही उपयोगाचं नाही. खंबाटकी घाटात ट्रकमागे रखडल्यावर पुढे गाडी दामटणाऱ्या ड्रायव्हरला हे सांगायची माझी हिंमत झालेली नाही.

४. उत्तर आलं की एकदा त्याच्याकडे नीट बघावं. सायकलवाला ताशी १८० ने निघाला, तेव्हा मी नुसत्या भुवया उंचावल्या.

"सर, उतार असेल," पोरगं म्हणालं.