हलकें व सपाट मेज

मेडशीस सोयाबीनचें बी निवडण्याकरितां आम्हीं प्रथम जाड फळ्यांचें मेज केलें. तें हलविण्यास चार माणसें लागत. यावर उपाय पोकळ पेटीचा.

ज्वारीचा धांडा पाहावा; बाहेर कठीण साल, आंत हलकें भेंड, तरी वाऱ्यांत ताठ उभा. पेटीचें तत्त्व हेंच होय. ६ मिलिमीटर प्लायवूडचे ४ फूट लांब व ३ फूट रुंद असे दोन तक्ते घ्यावे. मध्यें १२ मिलिमीटर प्लायवूडच्या ३ इंची पट्ट्या उभ्या, अर्ध्या खाचांनीं एकमेकींत बसवून, ६ इंचांचीं घरें पाडावीं. भार पडतांच वरचा तक्ता दाबला जातो, खालचा ताणला जातो. पट्ट्या त्यांस सरकूं देत नाहींत. म्हणून सर्व जोर सरसाचा. खिळे केवळ तो सुकेपर्यंत.

खरी गोम जागेची आहे. आमची पहिली पेटी ओसरीच्या फरशीवर सुकली. फरशी एका कोपऱ्यास पाव इंच खालीं होती. पेटीनें तोच पीळ घेतला. दगड ठेवले, उन्हांत टाकली, पण पीळ सुटला नाहीं. हल्लीं ती कोंबड्यांच्या खुराड्यावर आहे!

दुसऱ्या वेळीं बैठकीच्या चारही कोपऱ्यांवर सारख्या उंचीचे ठोकळे ठेवून दोन दोऱ्या कर्णावर ताणल्या. मध्यें त्या नुसत्या शिवाव्या, व वरची दोरी खालीं घेतली तरी तसेंच व्हावें. फट किंवा दाब दिसल्यास बैठकीखालीं पाचर मारावी, मगच सरस कालवावा. रात्रभर वजन ठेवून सकाळीं कडांस रंग द्यावा, नाहींतर तेथूनच ओल शिरते.