लाइट आली, पण प्रिंटर चालेना

आमच्या घरी एक लहान प्रिंटर आहे. प्रिंटर म्हणजे कागदावर छापून देणारे यंत्र. गल्लीतली माणसे सातबारा, दाखले, अर्ज छापून घ्यायला आमच्याकडे येतात.

एका रात्री वादळ झाले. प्रिंटर चालू असतानाच लाइट गेली. एक कागद अर्धा छापून आतच अडकला. पहाटे लाइट आली.

सकाळी शेजारच्या मावशी आल्या. म्हणाल्या, "दादा, पीककर्जाचा अर्ज तेवढा छापून द्या. बँकेत आज शेवटचा दिवस हाय. अकराची एसटी गाठायचीय."

आम्ही लॅपटॉपवरून छापण्याचा हुकूम दिला. प्रिंटर गप्प! पुन्हा दिला. असा सात वेळा दिला. लाल दिवा तेवढा लुकलुकत राहिला.

मावशी घाबरल्या. "बिघडलं का हो? आता कसं करायचं?"

मग आम्ही हात आवरला आणि शांतपणे विचार केला. काम मध्येच तुटले की यंत्र गोंधळते. त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते. ते कसे, पाहा.

१. आधी प्रिंटरचे बटण बंद केले. पिन भिंतीतून काढली. एक मिनिट थांबलो. यंत्रात थोडी वीज साठून राहते. ती निघून जाऊ द्यावी.

२. झाकण उघडले. अडकलेला कागद दोन्ही हातांनी हळूहळू ओढला. हिसका दिला नाही. कागदाचा तुकडा आत राहिला, तर नवा कागद पुन्हा अडकतो.

३. वायफायचा डबा पाहिला. लाइट आल्यावर त्यालाही सुरू व्हायला दोन-तीन मिनिटे लागतात. मोबाइलवर वायफाय चालते, याची खात्री केली. मगच प्रिंटरची पिन थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये घातली.

४. प्रिंटरवरच एका कागदाची झेरॉक्स काढून पाहिली. ती छान आली! म्हणजे यंत्र धड होते. अडचण लॅपटॉप आणि प्रिंटर यांच्यामध्ये होती.

५. लॅपटॉपवर पाहिले. आमचे सातही हुकूम रांगेत उभे होते! पुढचा अडला, म्हणून मागचे सगळे अडले. अरुंद बोळात एक बैलगाडी रुतली की मागच्या गाड्याही थांबतात, तसेच हे. आम्ही सगळे हुकूम रद्द केले. मग एकच नवा हुकूम दिला.

खर्र खर्र आवाज झाला. अर्ज बाहेर आला. मावशींनी तो पिशवीत घातला आणि त्या एसटीकडे धावल्या. गाडी मिळाली. अर्ज वेळेत पोचला.

कधी एवढे करूनही प्रिंटर 'ऑफलाइन' दिसतो. वायफायचा डबा पुन्हा सुरू झाला की प्रिंटरचा पत्ता कधीकधी बदलतो. लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर निरोप धाडत बसतो. अशा वेळी लॅपटॉपमधून प्रिंटरचे नाव काढावे आणि पुन्हा जोडावे.

मात्र जळका वास आला किंवा धूर दिसला, तर पिन काढून ठेवावी. पुन्हा लावू नये. यंत्र उघडू नये. जाणत्या कारागिराला दाखवावे. ओल्या हाताने पिनेला कधीच हात लावू नये.

आणखी एक गोष्ट आम्ही शिकलो. लाइट गेली की प्रिंटरची पिन काढून ठेवावी. लाइट येताना कधी एकदम जोराने येते. त्या झटक्याने यंत्र जळू शकते. आभाळ गडगडू लागण्याआधीच प्रिंटर त्याच्या बटणाने बंद करावा आणि मग पिन काढावी.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशी आमची गत झाली होती. सात वेळा बटण दाबण्यापेक्षा एक मिनिट थांबणे बरे!

प्रश्न
१. पिन काढल्यावर एक मिनिट का थांबावे?
२. झेरॉक्स नीट आली, यावरून काय कळले?
३. तुमच्या घरी लाइट गेल्यावर कोणकोणत्या यंत्रांच्या पिना काढाल? त्यांची नावे लिहा.