मॉरिस घेण्यापूर्वी

पुणे

चि. सुहास यास,

तुझे पत्र व सोबतची दोन मोटारींची छायाचित्रे पोचली. लेस्टरला घर झाले, घरामागे गॅरेज मिळाले, आणि त्या गॅरेजात नव्या जपानी गाडीच्या शेजारी एक जुनी मॉरिस मायनर उभी राहावी असे तुझ्या मनाने घेतले; तेव्हा ‘काका, तुम्ही इकडे असताना हीच गाडी वापरलीत, तर छायाचित्रांतल्या दोहोंपैकी कोणती घ्यावी ते सांगा’ अशी मसलत तू मागितली आहेस. मसलत देण्यास माझी हरकत कशी असेल? म्हाताऱ्या माणसाला इतके बिनखर्चाचे सुख दुसरे नाही. परंतु गाडीची तपासणी करण्यापूर्वी तुझ्या इच्छेचीच थोडी झडती घेणे मला अगत्याचे वाटते. कारण ती इच्छा सर्वस्वी तुझी आहे, की गणपतीत सारे घर जमले असता माझ्या तोंडून ऐकलेल्या हकिकतींतून ती तुझ्याकडे चालत आली आहे, याची खातरजमा तू केलेली दिसत नाहीस. हकिकती ऐकून माणसाला गाडीची ओढ लागू शकते. हाताला कामाची सवय मात्र लागत नाही, आणि मॉरिसला मालकाकडून हवी असते ती ही सवय.

मी साठीच्या दशकात कॉव्हेंट्रीस गेलो, तेव्हा ते शहर मोटारींवर जगत होते. कॅन्लीला स्टँडर्ड-ट्रायम्फ, ब्राउन्स लेनला जॅग्वार, शिवाय हंबर आणि हिलमन ही घराणीही तिथलीच. आमच्या आळीत असा उंबरठा विरळाच, की ज्याच्या आतला एखादा तरी पुरुष यांपैकी कुठल्यातरी कारखान्याच्या हजेरीपटावर नव्हता. रविवारी सकाळी भाविक मंडळी चर्चकडे वळत आणि उरलेली बॉनेट उघडून वाकत. उरलेल्यांची संख्या बरीच अधिक असे. हे दृश्य आता तिकडच्या मासिकांतून मोठ्या हळव्या भाषेत रंगविले जाते, जणू त्या काळचा प्रत्येक गृहस्थ यंत्रविद्येचा उपासकच होता. वस्तुस्थिती निराळी होती. गॅरेजवाल्याचे बिल आठवड्याच्या पगारात बसत नसे, म्हणून माणसे हात काळे करीत. ज्यांना बिल परवडे ते गाडी गॅरेजात सोडून गोल्फ खेळायला जात. मी पान्हा हाती घेतला तोही याच कारणाने. पुढे त्यात गोडी लागली, इतकी की ती गाडी विकल्याला एवढी वर्षे लोटली तरी बोटांना अजून तिच्या नटांचे माप आठवते; पण गरज आधी आली आणि गोडी मागाहून, हा अनुक्रम विसरून जे लोक जुन्या मोटारींची स्तोत्रे गातात त्यांच्या शिफारशीवर तू फार विसंबू नयेस.

गाडी स्तोत्राला अगदीच अपात्र होती असे मात्र नव्हे. स्मर्ना येथे जन्मलेल्या ॲलेक इसिगोनिस या अभियंत्याने तिची आखणी दुसरे महायुद्ध चालू असतानाच आरंभिली, आणि १९४८ च्या ऑक्टोबरात लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात ती लोकांपुढे आली. नमुना बांधून झाल्यावर तो इसिगोनिसच्या डोळ्याला अरुंद भासू लागला, तेव्हा त्याने तो मधोमध लांबीत कापवून दोन्ही अर्धे हळूहळू दूर सरकविले, आणि जेथे रूप साधलेसे वाटले तेथे थांबविले. अंतर भरले चार इंच. बंपर तोवर घडवून झाले होते, म्हणून आरंभीच्या गाड्यांच्या बंपरला मध्यभागी जोडपट्टी दिलेली आढळते, आणि बॉनेटच्या मध्यावरून जाणारा सपाट पट्टा ही त्याच चार इंचांची नोंद आहे. कंपनीचे मालक लॉर्ड नफील्ड यांनी मात्र गाडी पाहताच तिला पोच्ड अंड्याची उपमा देऊन नाक मुरडले. त्या अंड्याच्या १९७१ पर्यंत सोळा लाखांवर प्रती निघाल्या, आणि दहा लाखांचा पल्ला गाठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार ठरली. आपल्याकडे उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने तिलाच ‘बेबी हिंदुस्थान’ म्हणून विकले; पुढे २०१४ पर्यंत बनत राहिलेली जी ॲम्बॅसडर आपण सरकारी कचेऱ्यांपुढे उभी पाहिली तीही मॉरिस ऑक्सफर्डवरूनच घडविलेली, म्हणजे दादाला जिल्ह्याच्या दौऱ्यावर नेणारी ती पांढरी गाडी आणि माझी मायनर या एकाच गोत्रातल्या होत.

परंतु मायनरचा खरा गुण रूपात नसून तिच्या उघडेपणात आहे. मालकाला दोन हात असतात आणि त्यांचा उपयोग करण्याची त्याला मुभा असावी, असे गृहीत धरून ती रचलेली आहे. बॉनेट उचललेस की इंजिनाभोवती हात फिरायला ऐसपैस जागा, आणि हातून नट निसटला तर तो आतच कुठे दडून न बसता खाली फरशीवर सापडतो. एसयू कार्बुरेटरचेच घे. वरची टोपी फिरवून काढायची आणि आत थोडे पातळ ऑइल घालायचे. आतला पिस्टन उचलून सोडला की तो बसताना ‘टक्’ असा स्वच्छ आवाज आला पाहिजे, न आला तर सुई कुठेतरी घासते आहे असे समजावे. इंजिन तापून संथ चालत असता तोच पिस्टन नखाच्या जाडीइतका उचलून पाहावा: गती क्षणभर वाढून पुन्हा जागेवर आली तर मिश्रण बरोबर, वाढतच राहिली तर पेट्रोल जास्त, पडू लागली तर पेट्रोल कमी. याला कानाखेरीज दुसरे उपकरण लागत नाही. टॅपेटची रीतही अशीच सुबोध. व्हॉल्व्ह आठ, पहिला जुळवायचा तर आठवा पूर्ण दबलेला हवा, दुसऱ्याला सातवा, तिसऱ्याला सहावा, म्हणजे दोहोंची बेरीज नेहमी नऊ, आणि इंजिन थंड असता फटीतून इंचाच्या हजारांश भागांपैकी बारा भाग जाडीची पट्टी जेमतेम ओढून निघाली पाहिजे. हे गणित मला शेजारच्या एका निवृत्त फिटरने फाटकाला टेकून, हातात चहाचा पेला धरून सांगितले. पट्टीला त्याने स्वतः हात लावला नाही, आणि मी आठही जुळवून होईपर्यंत तो तेथून हललाही नाही. अशी शिकवणी तिकडे अजून मिळते. मायनर बाळगणाऱ्यांचे मंडळ १९७६ पासून चालू आहे. गाडी घेण्याआधी त्याचा सभासद हो, आणि पहिले काही महिने प्रश्न विचार, मते देऊ नकोस.

हत्यारे इंचांच्या मापाची घे. तुझ्या घरचा तेरा मिलिमीटरचा पान्हा अर्ध्या इंचाच्या नटावर बसल्यासारखा वाटतो, आणि जोर लावताच नटाचे कोपरे झिजवून गोल करतो. मग तो नट काढण्यासाठी छिन्नी लागते आणि रविवार संपतो. विजेच्या बाबतीत ल्यूकस कंपनीवर अंधाराचे राजपुत्र म्हणून हसण्याची एक जुनी प्रथा आहे, तीत तू सामील होऊ नयेस असे माझे मत आहे. त्या गाड्यांत वीज परत येते ती पत्र्यातून, आणि पत्रा व तार यांचा जोड गंजला की दिवा मंदावतो. तो जोड घासून स्वच्छ ठेवणे मालकाचे काम होते, ते त्याने केले नाही आणि ठपका कारखानदारावर ठेवला. या गाडीत बॅटरीचे धन टोक पत्र्याला जोडलेले असते, म्हणजे तुझ्या नव्या गाडीच्या नेमके उलट. तेव्हा आजचा रेडिओ न विचारता जोडलास तर तो जळून जाईल. चावी फिरविल्यावर पेट्रोलच्या पंपाची टिकटिक ऐकण्याची सवय लाव. ती आली नाही तर बॉनेट उघडून पंपाला पान्ह्याच्या दांड्याने हलकेच टिचकी मारावी, बहुधा तो चालू होतो. परंतु टिचकीने चालू झालेल्या पंपाचे पॉइंट त्याच आठवड्यात साफ करावेत. टिचक्यांवर वर्ष काढणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांना भर पावसात रस्त्याच्या कडेला उभे असलेलेही पाहिले आहे.

आता जी गोष्ट स्मरणरंजनात पडलेले लोक सांगत नाहीत ती सांगतो. ही कारखानदारी कोणी परक्याने बुडविली नाही. १९५२ साली ऑस्टिन आणि मॉरिस एकत्र आल्या, १९६८ साली त्यांतून ब्रिटिश लेलँड झाली, १९७५ साली ती सरकारच्या पदरात पडली, १९८० साली ॲबिंग्डनचा एमजीचा कारखाना बंद झाला, आणि २००५ साली एमजी रोव्हरचे दिवाळे निघाले. या साऱ्या काळात गिऱ्हाईक मात्र एवढेच मागत होते, की थंडीच्या सकाळी गाडी पहिल्या झटक्याला सुरू व्हावी. ती जपानी गाडी होई. आमच्या आळीतल्या ज्या माणसांनी आयुष्यभर ब्रिटिश गाड्या बांधल्या त्यांनीही अखेर आपल्या दारात डॅटसन आणली, आणि तसे करताना त्यांच्या चेहऱ्यावर मला अपराध दिसला नाही, सुटका दिसली. मायनर जेथे बांधली जाई त्या कौलीला आज बीएमडब्ल्यूच्या मालकीची मिनी बांधली जाते. तेव्हा ‘पूर्वीच्या गाड्या अधिक चांगल्या होत्या’ हे वाक्य तुझ्या तोंडी नसावे. दुरुस्तीला त्या सोप्या होत्या, आणि दुरुस्ती त्यांना वारंवार लागे.

त्याहून गंभीर मामला जिवाचा आहे. मायनरची पुढची चाके ज्या उभ्या खांबावर वळतात तो वरखाली आट्यांच्या ट्रनियनमध्ये बसविलेला असतो, आणि त्या आट्यांत ग्रीस पोचले नाही तर ते झिजत झिजत एक दिवस सुटतात. चाक आडवे होते आणि गाडीचा कोपरा रस्त्यावर बसतो. हे बहुधा हळू वळताना घडते म्हणून लोक हसण्यावारी नेतात. तू नेऊ नकोस. ग्रीसची पिचकारी आणि तिच्या तारखांची वही या दोन वस्तू गाडीबरोबरच घे. ब्रेकचा मुख्य सिलिंडर चालकाच्या पायांखाली, फरशीच्या आत दडलेला आहे, आणि चारही चाकांना तेल नेणारी व्यवस्था एकच; एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. म्हणून सतरंजी उचलून, झाकण काढून त्यातले तेल पाहण्याचा कंटाळा करू नकोस. चि. मुक्ताला या गाडीतून गावातल्या रस्त्यांवर खुशाल फिरव. मोटरवेसाठी तुझी जपानी गाडी आहे.

चाळीस वर्षे ओलांडलेल्या गाडीला तिकडे कर माफ आहे, आणि २०१८ पासून सहसा वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. कराची माफी आनंदाने घे. तपासणी मात्र दरवर्षी पैसे भरून करून घे, कारण सरकारी माफीने गंज थांबत नाही. साध्या पेट्रोलमध्ये २०२१ पासून दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुन्या रबरी नळ्या खाते. तेव्हा नळ्या नव्या बसव आणि पाच टक्क्यांचे महाग पेट्रोल भर. शिशाचे पेट्रोल २००० च्या आरंभी बंद झाले, म्हणून इंजिनाच्या डोक्यात कठीण व्हॉल्व्ह-सीट बसविल्याची नोंद जुन्या बिलांत आहे काय ते शोध.

तुझ्या दोन छायाचित्रांविषयी. पहिली हिरवी ट्रॅव्हलर दिसायला मोहक आहे, यात वाद नाही. मागचा तो लाकडी सांगाडा, वरचे ताजे वॉर्निश, चकचकीत रंग. पण ते ॲश लाकूड शोभेचे नाही, गाडीचा मागचा भार त्यावर आहे, आणि खालच्या कोपऱ्यात वॉर्निशखाली काळसर डाग मला येथूनही दिसतो. दाराची फट वर अरुंद आणि खाली रुंद आहे, म्हणजे मधला भाग खचला असण्याचा संभव आहे. काम केले म्हणतात, पण कामाचा एकही पुरावा पाठविलेला नाही. दुसरी, चार दारांची करडी सलून, तिचा रंग उडालेला आहे आणि बैठकीची शिवण उसवली आहे. परंतु तिच्यासोबत दोन मालकांच्या बिलांचे दफ्तर आहे, आणि ज्या मालकाने पाच पौंडांच्या नळीचेही बिल जपून ठेवले त्याने गाडीही जपली असावी. रंग तुला पुढे देता येईल. माझा कौल करड्या गाडीला आहे.

पाहायला जाशील तेव्हा दिवसाउजेडी, कोरड्या हवेत जा. अंगावर जुने कपडे असू देत. रुमालात लोहचुंबक गुंडाळून दाराखालच्या पट्टीवरून फिरव, जेथे तो धरत नाही तेथे पत्रा नसून पुट्टी आहे असे जाण. मागच्या स्प्रिंगा जेथे टांगल्या आहेत त्या जागा गाडीखाली स्वतः निजून पाहा, पुढची चाके जॅकवर उचलून हलवून पाहा, आणि चासीवरचा क्रमांक कागदपत्रांशी रुजू करून घे. सौ. मेघनाचा रुकार घेतल्यावाचून बयाणा देऊ नकोस. रविवार तिचेही आहेत.

तुझा
बापूकाका