टिटॅनियमचा सांधा व त्याचा पृष्ठभाग

"सर, आजीच्या खुब्याचे हाड झिजले म्हणून तेथे धातू बसविला. उद्या तो धातूही झिजला तर?" असे आमच्या वर्गातील एका मुलाने विचारले. प्रश्न मार्मिक आहे. त्याचे उत्तर येथे थोडक्यात देण्याचे योजिले आहे.

इ. स. १७९१ मध्ये कॉर्नवॉल येथील पाद्री विल्यम ग्रेगर यांस काळ्या वाळूत टिटॅनियम आढळले. तशी वाळू आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे. हा धातू पोलादाहून हलका व अधिक लवणारा असल्यामुळे हाडाशी त्याचे चांगले जमते. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा सूक्ष्म पापुद्रा धरतो. म्हणून शरीरातील खाऱ्या द्रवांनी तो गंजत नाही. परंतु घर्षणाने हा पापुद्रा फाटतो आणि धातूचा भुगा होऊ लागतो. पूर्वी बसविलेल्या टिटॅनियमच्या काही खुब्यांभोवतीचे मांस अशा भुग्याने काळे पडलेले दिसले. भुगा साचला म्हणजे शेजारचे हाड विरते, सांधा सैल होतो, व रोग्यास पुन्हा शस्त्रक्रिया सोसावी लागते.

यावर उपाय कोणता? छावणीतील वडीलधाऱ्यांस कल्हईवाला आठवत असेल. भांडे तांब्याचेच राही, पृष्ठभाग तेवढा बदले. येथेही तत्त्व तेच.

पहिली रीत अशी: निर्वात पात्रात टिटॅनियमची वाफ व नायट्रोजन यांच्या संयोगाने सोनेरी लेप चढवितात. तो केसाहून कितीतरी पातळ, परंतु मूळ धातूच्या कित्येक पट कठीण असतो. मात्र खालचा धातू दबला तर लेप तडकतो, आणि त्याच्या कपच्याच वाळूप्रमाणे घासू लागतात. दुसऱ्या रीतीत सांध्याचा भाग नायट्रोजनमध्ये सुमारे ८०० अंशांपर्यंत तापवितात. वायू आत मुरतो, काठिण्य आतवर हळूहळू उतरत जाते. म्हणून साल सुटत नाही. परंतु आच अधिक झाल्यास वारंवार भार सोसण्याची धातूची शक्ती घटते. तिसऱ्या रीतीत विद्युच्छक्तीने नायट्रोजनचे कण पृष्ठभागात घुसवितात. आकार बिघडत नाही, पण खोली फारच अल्प.

याच कारणास्तव खुब्यात बहुधा दांडा टिटॅनियमचा आणि घासणारा गोल कोबाल्ट-क्रोमियमचा किंवा चिनी मातीसारख्या कठीण सिरॅमिकचा योजितात.

तेव्हा त्या मुलास आमचे उत्तर असे: बाळा, धातूही झिजतो, पण किती लवकर, हे पुष्कळसे त्याच्या पृष्ठभागावर अवलंबून असते. गाभा चिवट, साल कठीण, आणि दोहोंची गाठ पक्की, ही तिन्ही साधणे हेच येथील खरे कौशल्य होय.