घटक ५ : सागरापार गेलेल्या पूर्वजांचा शोध – सिंधुदुर्ग ते मॉरिशस

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• कोकण किनाऱ्यावरून मॉरिशसला झालेल्या स्थलांतराची पार्श्वभूमी सांगता येईल.
• वंशशोधासाठी उपयुक्त असलेल्या दोन्ही देशांतील नोंदींचे स्वरूप स्पष्ट करता येईल.
• व्यक्तिनामे व ग्रामनामे यांच्या बदललेल्या रूपांचे भाषिक विश्लेषण करता येईल.
• मिळालेल्या पुराव्याचे बळ तपासून निष्कर्ष मांडता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण ग्रामनामे आणि आडनावे यांचा परिचय करून घेतला. नाव हे भाषेचे द्रव्य आहे, तसेच ते समाजाच्या इतिहासाचे साधनही आहे, हे तेथे आपण पाहिले. या घटकात त्या ज्ञानाचा उपयोग एका प्रत्यक्ष प्रश्नासाठी करावयाचा आहे. मालवणच्या किनाऱ्यावरील एखाद्या गावात मॉरिशसहून एक कुटुंब येते. त्यांच्या हाती पणजोबांच्या नोंदीचा एक उतारा असतो आणि ‘आमचे मूळ घर कोणते?’ एवढाच त्यांचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर कसे शोधावे? आणि उत्तर मिळत नसेल, तर तसे कसे सांगावे?

५.२ विषय-विवेचन

५.२.१ स्थलांतराची पार्श्वभूमी

ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ मध्ये संमत झाला. मॉरिशसमध्ये त्याची अंमलबजावणी १८३५ मध्ये झाली. तेथील उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलस’ हे जहाज कलकत्त्याहून करारबद्ध मजुरांना घेऊन पोर्ट लुई बंदरात पोहोचले. त्यानंतरच्या सुमारे पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांहून अधिक भारतीय या बेटावर उतरले. ते ज्या ठिकाणी उतरत, ते ‘आप्रवासी घाट’ आज जागतिक वारसास्थळ आहे. २००६ मध्ये युनेस्कोने त्याची नोंद केली.

यांतील बहुसंख्य लोक बिहार आणि उत्तर भारतातून कलकत्तामार्गे, तर त्याखालोखाल दक्षिणेतून मद्रासमार्गे गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांची संख्या तुलनेने कमी होती. परंतु मॉरिशसच्या मराठी भाषक समाजाचे मूळ प्रामुख्याने याच प्रवाहात आहे. त्यांतील अनेकजण तत्कालीन रत्नागिरी जिल्हा आणि सावंतवाडी संस्थान या भागांतील होते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यामुळे जुन्या नोंदीत ‘सिंधुदुर्ग’ हे जिल्ह्याचे नाव शोधणे व्यर्थ आहे. त्या काळी मालवण व वेंगुर्ला ही ठिकाणे ब्रिटिशांच्या रत्नागिरी जिल्ह्यात होती, तर सावंतवाडी हे स्वतंत्र संस्थान होते. कागद कोणत्या दप्तरात शोधावयाचा, हे या भेदावरून ठरते.

५.२.२ मॉरिशसकडील नोंदी

मॉरिशसमधील मोका येथे महात्मा गांधी संस्था आहे. भारतीय स्थलांतरितांच्या नोंदवह्या तेथील अभिलेखागारात जतन केलेल्या आहेत. बेटावर उतरणाऱ्या प्रत्येक मजुरास एक क्रमांक दिला जाई. पूर्ण भरलेल्या नोंदीत क्रमांक, नाव, वडिलांचे नाव, वय, उंची, जात, गाव, परगणा, जिल्हा, अंगावरील खूण, जहाजाचे नाव आणि ज्या मळ्यावर पाठवले तो मळा इतका तपशील आढळतो. सुरुवातीच्या काळातील नोंदी मात्र त्रोटक आहेत. १८६० च्या दशकापासून मजुरांची छायाचित्रेही काढली जाऊ लागली.

वंशशोधकाच्या दृष्टीने या नोंदीतील सर्वांत विश्वसनीय घटक क्रमांक हा आहे. नावाचे लेखन दर कागदावर बदलू शकते, क्रमांक सहसा बदलत नाही. विवाह आणि जन्म यांच्या तेथील नागरी नोंदींतही तो अनेकदा उद्धृत केलेला दिसतो. म्हणून मॉरिशसमधील पिढ्या मागे जोडत जाताना क्रमांक हा दोरा धरावा.

५.२.३ नावाचे भाषिक रूपांतर

कोकणातील माणूस आपली ओळख स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, कूळ आणि गाव अशी देत असे. नोंदवहीत यांतील बहुधा पहिली दोनच नावे उतरली. पुढे मजुराचे स्वतःचे किंवा त्याच्या वडिलांचे नाव हेच कुटुंबाचे आडनाव बनले. त्यामुळे बाबाजी, भिवाजी यांसारखी आपल्याकडे व्यक्तिनामे असलेली नावे मॉरिशसमध्ये आडनावे म्हणून आढळतात. गावाकडे ज्या कुळाच्या आडनावाने ते घर ओळखले जाते, ते आडनाव मॉरिशसच्या कागदावर नसण्याचीच शक्यता अधिक असते.

हा अनुभव केवळ आपला नाही. १८२५ पासून नॉर्वेतून अमेरिकेला गेलेल्या लोकांच्या शोधातही हीच अडचण येते. नॉर्वेच्या ग्रामीण भागात वडिलांच्या नावाला ‘सेन’ हा प्रत्यय जोडून मुलाची ओळख होई. त्याच्यापुढे तो ज्या शेतवाडीवर राहत असे तिचे नाव लागे. अमेरिकेत गेल्यावर कोणी वडिलांचे नाव आडनाव म्हणून घेतले, तर कोणी शेतवाडीचे. परिणामी सख्ख्या भावांची आडनावेही वेगळी झाली. आपले ‘-कर’ प्रत्ययान्त आडनाव आणि नॉर्वेतील शेतवाडीचे नाव यांचे कार्य सारखेच आहे. दोन्ही नावे माणसाला जागेशी बांधतात, आणि जागा सुटली की ती गळून पडू शकतात.

दुसरी अडचण लिपीची आहे. रोमन लिपीत सामान्यतः त-ट, द-ड, न-ण, ल-ळ यांचा भेद दाखवला जात नाही. नाव ऐकणारा लेखनिक मराठी जाणणारा असेलच असे नाही. त्यामुळे ‘धोंडू’ हे नाव परत वाचताना ‘दोंदू’ होऊ शकते. ग्रामनामांत हा प्रश्न अधिक बिकट होतो. मालवण तालुक्यात माळगाव आहे आणि सावंतवाडी तालुक्यात मळगाव आहे. रोमन लिपीत दोन्ही एकसारखीच लिहिली जातील. अशा वेळी जिल्ह्याचा रकाना पाहावा. तेथे रत्नागिरी असेल तर कल पहिल्या गावाकडे, सावंतवाडी असेल तर दुसऱ्या गावाकडे जातो. ‘वायंगणी’ हे नाव तर मालवण आणि वेंगुर्ला या दोन्ही तालुक्यांत आहे. तेथे जिल्ह्याचा रकानाही पुरेसा ठरत नाही, परगण्याचा आधार घ्यावा लागतो.

५.२.४ गावाकडील नोंदी

आता दुसऱ्या टोकाकडे वळू. गावाकडील प्रमुख साधने पुढीलप्रमाणे आहेत.

(अ) महसुली कागद : सातबारा, फेरफार नोंदवही (गाव नमुना ६) आणि वारस नोंदवही (गाव नमुना ६-क). मुंबई इलाख्यात हक्कनोंदीची पद्धत १९०३ च्या कायद्यापासून सुरू झाली, हे लक्षात ठेवावे.

(आ) जन्म-मृत्यूच्या नोंदी : गाव नमुना १४, म्हणजेच ‘कोतवाल बुक’. जुने कागद मोडी लिपीत असू शकतात. मोडीचे प्राथमिक वाचन शिकणे मराठीच्या विद्यार्थ्यास म्हणूनच उपयुक्त ठरते.

(इ) धार्मिक नोंदी : नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या. तीर्थयात्रेस आलेल्या यजमानाचे गाव, कूळ आणि नातलग त्यांत नोंदवलेले असतात. ख्रिस्ती कुटुंबांसाठी चर्चमधील बाप्तिस्मा व विवाह यांच्या वह्या महत्त्वाच्या आहेत.

(ई) मौखिक परंपरा : ग्रामदेवतेच्या गाऱ्हाण्यातील मूळपुरुषाचा उल्लेख, गावऱ्हाटीतील मानपानाचा क्रम, कोणत्या घरातून कोणते घर फुटले याची वृद्धांनी सांगितलेली माहिती.

या साधनांची एक मोठी मर्यादा आहे. १८५० च्या दशकात जहाजावर चढलेला तरुण १९०३ नंतरच्या हक्कनोंदीत सापडणे संभवत नाही. त्याच्या भावाचे नातू तेथे सापडतील. म्हणजे दोन कागदांमध्ये सुमारे अर्धशतकाची दरी असते. शिवाय जमीन नसलेल्यांची नावे जमिनीच्या कागदात येतच नाहीत. ज्यांना गाव सोडावे लागले त्यांत भूमिहीनांचे प्रमाण किती असू शकेल, याचा विचार करा. स्त्रियांची स्थिती आणखी बिकट आहे. विवाहानंतर नाव बदलत असल्याने गावाकडील कागदांत त्यांचा माग क्वचितच लागतो.

५.२.५ दोन टोके जोडताना

सरावासाठी रचलेली एक काल्पनिक नोंद घेऊ : ‘पांडू, वडील बाबाजी, वय २२, जात मराठा, गाव वायंगणी, जिल्हा रत्नागिरी, आगमन १८५७.’

प्रथम जन्मवर्ष काढा. ते १८३५ च्या आसपास येते. वय बहुधा अंदाजाने लिहिलेले असल्याने दोन-चार वर्षांची सूट ठेवा. त्यानंतर परगण्यावरून कोणती वायंगणी, हे ठरवा. मग त्या गावातील घराण्यांच्या वंशावळींत बाबाजी हे नाव साधारण त्या पिढीत येते का, ते पाहा. आजोबांचे नाव नातवास ठेवण्याच्या प्रथेमुळे तेच नाव एकाआड एक पिढीत पुन्हा येते. त्यामुळे घराण्याचा अंदाज बांधता येतो, पण पिढी चुकण्याचा धोकाही तेवढाच असतो. शेवटी, ‘एक भाऊ परदेशी गेला, तो आलाच नाही’ अशी आठवण कोणत्या घरात आहे, हे विचारा. मात्र प्रश्न विचारताना पांडूचे नाव आधी सांगू नका. आपण नाव सुचवले की समोरची व्यक्ती सौजन्याने होकार देते, आणि तो होकार पुरावा ठरत नाही.

एवढे सर्व जुळूनही बाबाजी नावाचे दोन गृहस्थ दोन घरांत निघाले, तर काय करावे? निष्कर्षाच्या तीन श्रेणी कराव्यात : निश्चित, संभाव्य आणि अनिर्णीत. परस्परांवर अवलंबून नसलेले किमान तीन पुरावे एकाच घराकडे बोट दाखवीत असतील आणि विरोधी पुरावा नसेल, तरच ‘निश्चित’ म्हणावे. येथे दोन घरे समोर आहेत, म्हणून ‘गाव निश्चित, घर अनिर्णीत’ हेच प्रामाणिक उत्तर होय. सांस्कृतिक खुणांबाबतही हाच विवेक हवा. मॉरिशसच्या मराठी समाजाने गणेशोत्सव, गोंधळ आणि ‘झाकरी’ जपली आहेत. त्यांवरून मूळ प्रदेशाचा अंदाज येतो, घर ठरत नाही.

५.२.६ शोधकाची जबाबदारी

वंशावळ हा निरुपद्रवी कागद नाही. १२ मार्च २०२४ रोजी मॉरिशसच्या राष्ट्रीय दिनी तेथील भारतीय वंशाच्या सातव्या पिढीसही ओसीआय कार्ड देण्याची विशेष तरतूद राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी जाहीर केली. त्यामुळे पूर्वजांच्या नोंदींना व्यावहारिक महत्त्वही आले आहे. दुसरीकडे, ‘हे लोक जमिनीत वाटा मागतील’ अशी भीती गावातील कुटुंबास वाटू शकते. आपण भेटीचा हेतू आरंभीच स्पष्ट करावा.

जातीच्या रकान्याबाबत विशेष दक्षता आवश्यक आहे. नोंदीतील जात पाहुण्यांना अनपेक्षित वाटली, तरी ती लपवणे किंवा ‘सुधारणे’ अयोग्य आहे. मात्र ती चारचौघांत जाहीर करण्याचा अधिकारही आपणास नाही. दूरवरून आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवणे जड जाते, हे खरे. तरीही एखादे सोयीचे घर दाखवून दिल्यास त्यांच्या हाती दुसऱ्याच कुटुंबाचा पूर्वज पडतो, आणि खऱ्या घराचा शोध कायमचा थांबतो. ‘गाव हेच आहे, घर सांगता येत नाही’ असे सांगितल्यास पुढील संशोधनाची वाट मोकळी राहते. ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणे घालण्यास घर ठाऊक असण्याची अट नसते.

५.३ सारांश

मॉरिशसकडील नोंदीत पूर्वज क्रमांकाने सापडतो, गावाकडे तो जागा आणि नातेसंबंध यांवरून शोधावा लागतो. नाव हा दोहोंमधील दुवा असला, तरी तो सर्वांत कच्चा दुवा आहे. लिपी, लेखनिक आणि नामपद्धती यांचे ज्ञान असल्यास त्याचे मूळ रूप गाठता येते. कागदांमधील काळाची दरी मौखिक परंपरेने काही अंशी भरून निघते. पुरावा जेथे थांबतो, तेथे शोधकानेही थांबावे.

५.४ पारिभाषिक शब्द

करारबद्ध मजूर : ठराविक मुदतीच्या लेखी कराराने परदेशी नेलेला कामगार.
मूळपुरुष : ज्याच्यापासून कुळाची गणना सुरू होते तो पूर्वज.
गावऱ्हाटी : गावातील देवकार्य, मानपान व परस्परसंबंध यांची परंपरागत व्यवस्था.

५.५ स्वाध्याय

१. वंशशोधात व्यक्तिनामापेक्षा क्रमांक अधिक विश्वसनीय का ठरतो?
२. रोमन लिपीमुळे ग्रामनामांत निर्माण होणारी संदिग्धता सोदाहरण स्पष्ट करा.
३. ‘महसुली नोंदींचे मौनही अर्थपूर्ण असते.’ भूमिहीन आणि स्त्रिया यांच्या संदर्भात चर्चा करा.

क्षेत्रीय कार्य : तुमच्या घराण्याची चार पिढ्यांची वंशावळ तयार करा. प्रत्येक नावासमोर पुराव्याचे साधन आणि ‘निश्चित’, ‘संभाव्य’ वा ‘अनिर्णीत’ अशी श्रेणी लिहा. वंशावळीत लेकी व सुना यांची माहेरची नावे नोंदवण्याचा विशेष प्रयत्न करा.