नेकवरचा फिंगरबोर्ड सुटतो तेव्हा

प्रश्न : इलेक्ट्रिक गिटारच्या फिंगरबोर्डची कड नेकपासून सुटली आहे. फटीत गोंद भरून भागेल का?

उत्तर : ते फटीच्या खोलीवर अवलंबून आहे. तारा उतरवून, ट्रस रॉड सैल करून कागदाची पट्टी फटीत सारावी. ती दोन-तीन मिलिमीटरवर अडली, तर पातळ पात्याने लाकडासाठीचा पिवळा गोंद आत पोचवून क्लॅम्प लावणे पुरते. पट्टी ट्रस रॉडच्या खाचेपर्यंत गेली, तर मात्र वरवरची डागडुजी टिकत नाही. वाळलेल्या जुन्या गोंदावर नवा गोंद धरत नाही.

अशा वेळी फिंगरबोर्ड पूर्ण काढणेच बरे. इस्त्रीने थोडाथोडा भाग तापवून पातळ पाते हळूहळू पुढे सरकवतात. प्लॅस्टिकचे ठिपके असतील तर ते वितळण्याचा धोका असतो. मग दोन्ही पृष्ठभाग कोरे लाकूड दिसेपर्यंत खरवडायचे आणि सरळ पट्टी ठेवून सपाटी तपासायची, कारण पहिला जोड बहुधा इथेच फसलेला असतो. रोझवुड तेलकट असल्याने चिकटवण्याआधी ते अ‍ॅसिटोनने पुसतात.

पांढरा गोंद टाळावा; तारांच्या सततच्या ताणाखाली तो सरकतो. ट्रस रॉडवर अरुंद टेप लावल्यास गोंद आत जात नाही. ओल्या गोंदावर फिंगरबोर्ड घसरतो, म्हणून दोन फ्रेट काढून त्यांच्या खाचांतून बारीक खिळे ठोकतात व नंतर उपसतात. फिंगरबोर्डच्या गोलाईचा लाकडी ठोकळा वर ठेवून क्लॅम्प मध्यापासून टोकांकडे आवळावेत. दोन्ही कडांनी गोंदाचे बारीक थेंब सलग बाहेर आले पाहिजेत. तारा किमान 24 तासांनी चढवाव्यात.