पाठ: घोड्यावरून धबधब्याला केव्हा जावे?

मुलांनो, मागच्या पाठात आपण सहा ऋतूंची नावे पाठ केली: वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत आणि शिशिर. पण इथे इंग्लंडमध्ये ऋतू चारच. मग ही सहा नावे वापरायची कुठे? म्हणून या पाठात त्यांना जरा कामाला लावू या. आपला प्रश्न असा आहे: सुटीत भारतात गेल्यावर घोड्यावर बसून, रानातल्या वाटेने धबधबा पाहायला जायचे असेल, तर कोणत्या ऋतूत जावे?

"पावसाळ्यात!" असे उत्तर घाईने देऊ नका, बरे का. प्रश्नात धबधबा आहे, तसाच घोडाही आहे. दोघांचाही विचार करायचा आहे.

उदाहरणासाठी आपण महाबळेश्वर घेऊ. सातारा जिल्ह्यातले हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फूट उंचीवर, सह्याद्रीच्या अगदी माथ्यावर आहे. क्षेत्र महाबळेश्वरच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात. त्यांतली वेण्णा पाचगणीच्या रस्त्याजवळ लिंगमळा येथे कड्यावरून खाली उडी घेते. भरपूर पाणी असले म्हणजे ती धार सुमारे ५०० फूट खोल कोसळते. दुसरा, लहान असा धोबी धबधबा रानात आहे. १८८५ सालच्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरात हा धबधबा घोडवाटेवर असल्याची नोंद आहे. मोटारी नव्हत्या तेव्हा या डोंगरावर लोक घोड्यावरून किंवा पालखीतून फिरत. आजही वेण्णा तलावापाशी घोडे भाड्याने मिळतात आणि घोडेवाला लगाम धरून बरोबर चालतो.

आता आपल्या शाळेच्या सुट्ट्या एकेक करून पाहू.

१. मोठी सुटी (जुलैअखेर ते ऑगस्टअखेर). आषाढ-श्रावणाचे हे दिवस, म्हणजे ऐन पावसाळा. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिते होतात. लंडनमध्ये वर्षभरात सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. २३ जुलै २०२१ च्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत तिथे सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे लंडनचा वर्षाचा पाऊस एका दिवसात! त्याच वेळी पोलादपूरकडे उतरणाऱ्या आंबेनळी घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला.

या दिवसांत धबधबा सर्वांत मोठा असतो हे खरे. पण पुष्कळदा तो दिसतच नाही! धुके इतके दाट असते की नुसता आवाज ऐकून परत यावे लागते. वाटेवरच्या तांबड्या जांभ्या दगडावर शेवाळ चढते. घोड्याच्या खुराला लोखंडी नाल असते, आणि ओल्या दगडावर लोखंड घसरते. तुम्ही पडलात तर खरचटेल. घोड्याचा पाय मोडला तर तो सहसा पुन्हा उभा राहत नाही, आणि घोडेवाल्याच्या घरची मिळकत त्या दिवशी थांबते.

पूर्वीच्या लोकांना हे ठाऊक होते. इंग्रजांच्या काळात मुंबईचे गव्हर्नर उन्हाळ्यात महाबळेश्वरला राहत आणि मृगाचा पाऊस आला की पुण्याला मुक्काम हलवीत. मागे राहणारे लोक भिंतींचे पावसापासून रक्षण व्हावे म्हणून घरांना बाहेरून गवताचे झाप बांधत.

२. ईस्टरची सुटी आणि मे महिन्यातली आठवड्याची सुटी. चैत्र-वैशाख, म्हणजे वसंत ऋतू. इथे ट्यूलिप फुलतात तेव्हा तिथे ऊन तापलेले असते. वाट कोरडी, घोड्याला चालायला सोपी. पण धबधब्याची दोरी झालेली असते, आणि मे अखेरीस तर कड्यावर नुसता ओला डाग उरतो. शिवाय तिथल्या शाळांनाही सुटी असल्यामुळे गर्दी फार. रांगेतली गिऱ्हाइके संपेपर्यंत घोड्याला उन्हात उभे राहावे लागते.

३. ऑक्टोबरची आठवड्याची सुटी. आश्विन-कार्तिक, म्हणजे शरद ऋतू. साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस महाराष्ट्रातून माघार घेतो. त्यानंतरही दुपारी एखादी गडगडाटी सर येते, पण सकाळी आकाश निळे असते. वाट वाळू लागते, आणि धबधबा मात्र वाहतच असतो. असे का? जांभा दगड भोकाभोकांचा असतो. चार महिने तो स्पंजासारखे पाणी पितो आणि पाऊस गेल्यावर झऱ्यांवाटे हळूहळू परत देतो. म्हणून पाऊस थांबला तरी धबधबा लगेच थांबत नाही.

४. नाताळची सुटी. मार्गशीर्ष-पौष, म्हणजे हेमंत ऋतू. वाट पक्की कोरडी. पहाटे चांगलीच थंडी. एखाद्या वर्षी वेण्णा तलावाकाठचे दव गोठते. दुपारी मात्र नुसता स्वेटर पुरतो. धबधब्याची धार बारीक झालेली असते, पण असते. आणि एक गंमत: आपल्याकडे विंबल्डनच्या वेळी, जून-जुलैत, स्ट्रॉबेरी पिकते, महाबळेश्वरला ती थंडीत पिकते. डिसेंबरात शेतातून तोडलेली ताजी स्ट्रॉबेरी खायला मिळते.

आता पाठातले मुख्य वाक्य पाहा आणि वहीत लिहून घ्या:

जेव्हा धबधबा भरतो, तेव्हा वाट निसरडी होते. जेव्हा वाट पूर्ण तापते, तेव्हा धबधबा आटतो.

आपल्याला या दोन्हींच्या मधले दिवस हवे आहेत. ते म्हणजे साधारण दिवाळीपासून नाताळापर्यंतचे, शरदाचा उत्तरार्ध आणि हेमंताचा आरंभ. सर्वांत मोठा धबधबा पाहण्याचा ऋतू आणि धबधब्यापर्यंत नीट पोचण्याचा ऋतू हे दोन वेगळे आहेत, एवढे ध्यानात ठेवा.

घोड्यावर बसण्यापूर्वी

• पाठीवर खोगिराखाली जखम किंवा घासल्याची खूण आहे का, ते घोडेवाल्याला विचारून पाहावे. असल्यास त्या घोड्यावर बसू नये.
• एका घोड्यावर एकानेच बसावे. पायात बंद बूट असावेत.
• भाडे आणि वाट आधी ठरवावी. मोटारींच्या हमरस्त्यावरून घोडा नेण्याचा आग्रह धरू नये.
• "काका, आज वाट कशी आहे?" असे जरूर विचारावे. ते "नको" म्हणाले तर हट्ट करू नये. वाट ते रोज पाहतात.
• धबधब्यापाशी उतरण बहुधा पायीच करावी लागते. घोड्याला वर सावलीत थांबू द्यावे आणि पाणी मिळाले का ते पाहावे.

पालकांसाठी दोन शब्द

आपल्यापैकी बहुतेक जण ऑगस्टची तिकिटे काढतो, कारण सलग मोठी सुटी तेव्हाच असते. दोन-तीन वर्षांतून एकदा जाणे होते, आजी-आजोबा वाट पाहत असतात, आणि मुलांना "सगळे काही" दाखवायचे असते. मग भर पावसात घाट चढला जातो. मुलांच्या मनात भारताचे चित्र उरते ते चिखल, धुके आणि गाडीतली उलटी यांचे! गंमत अशी की आपण स्वतः लहानपणी तिथे गेलो ते बहुधा मे महिन्यात किंवा दिवाळीत. आपण जे आठवून सांगतो ते ऑगस्टमध्ये मुलांना दिसत नाही, आणि "बाबा उगीच वाढवून सांगतात" असे त्यांना वाटते.

दिवाळी आणि ऑक्टोबरची सुटी जवळजवळ आली तर ते वर्ष सोडू नये. आठवडा मात्र तोकडा पडतो. मुंबईपर्यंतचे विमान नऊ-दहा तासांचे, आणि मुंबईहून महाबळेश्वर सुमारे २६० किलोमीटर. त्यामुळे बहुतेक घरांना नाताळची सुटी सोयीची. शाळा सुटताच निघावे आणि डोंगरावरचे दोन दिवस २५ तारखेच्या आत उरकावेत. पुढे वर्षअखेरीची गर्दी सुरू होते.

आणि ऑगस्टशिवाय जमतच नसेल तर? तरीही जावे. आजी-आजोबांना भेटायला कोणताही ऋतू चांगलाच. मात्र हवामान खात्याचा इशारा पाहावा, घाटातून दिवसाउजेडी जावे, धबधबा कठड्यापलीकडून पाहावा आणि घोडा पुढच्या खेपेसाठी ठेवावा.

शब्दार्थ

घोडवाट – घोडा जाऊ शकेल अशी डोंगरातली वाट
खोगीर – घोड्याच्या पाठीवरची बैठक
नाल – घोड्याच्या खुराला ठोकतात ती लोखंडी पट्टी
शेवाळ – ओल्या दगडावर वाढणारा हिरवा, निसरडा थर
दरड – डोंगराचा सुटून खाली येणारा भाग
आटणे – पाणी कमी होत होत संपणे

स्वाध्याय

१. कारणे द्या: (अ) पाऊस थांबला तरी धबधबा लगेच आटत नाही. (आ) ऑगस्टमध्ये घोड्यावरून धबधब्याला जाऊ नये.
२. "जेव्हा... तेव्हा..." वापरून तुमच्या गावातल्या हवेबद्दल तीन वाक्ये लिहा.
३. सहा ऋतूंपुढे तुमच्या शाळेच्या सुट्ट्या लिहा. कोणत्या ऋतूत तुम्ही एकदाही भारतात गेलेला नाहीत?
४. आजी-आजोबांना फोन करून विचारा: "तुम्ही लहानपणी धबधबा केव्हा पाहिला? तेव्हा महिना कोणता होता?" उत्तर मराठीतच ऐका आणि पाच ओळींत लिहून पुढच्या वर्गाला आणा.